रोलमधले उरलेले चार फोटो

आई-बाबांनी हौसेने काढलेले आपल्या लहानपणीचे साधेसुधे फोटो आता कुठे आहेत, हे तुम्हाला माहितीये का?

घरातला सगळ्यात जुना अल्बम काढा. दिवाणात असेल, नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात, साड्यांच्या घड्यांखाली. त्यातले बारशाचे, जावळाचे आणि पहिल्या वाढदिवसाचे फोटो पटापट पलटून टाका. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात. तोच केक, तीच टोकदार टोपी, कोणाच्या तरी कडेवर भेदरलेले आपण आणि मागे लाल-पिवळे फुगे. शोधायचे आहेत ते वेगळेच. ज्यात काहीही चाललेलं नाही, असे. आपण ओट्यावर बसून वरणभात खातोय आणि निम्मा गालाला लागलाय. आई तोंडात रिबीन धरून आपल्या वेण्या घालतेय. एक चप्पल आपली आणि एक बाबांची घालून आपण दारात उभे आहोत.

असे फोटो जुन्या अल्बममध्ये फार नसतात. सापडलाच एखादा, तर त्याच्या आजूबाजूला बघा. बऱ्याचदा त्याच्या आधी कोणाचं तरी लग्न असतं.

त्यामागे रोलचं गणित आहे. कॅमेऱ्यातला साधा रोल ३६ फोटोंचा. रोल विकत घ्यायचा, तो धुवायला टाकायचे वेगळे पैसे आणि प्रत्येक कॉपीचे आणखी वेगळे. त्यामुळे रोल ‘कार्यासाठी’च भरला जायचा. मामाच्या लग्नात ३२ फोटो झाले, चार उरले. चार फोटो वाया घालवून रोल लॅबमध्ये देणं जिवावर यायचं. मग दुसऱ्या दिवशी घरातला कॅमेरावाला म्हणायचा, ‘चला रे पोरांनो, रोल संपवायचाय!’ आणि अंगणात, मोरीत, जेवता जेवता, जसे असू तसे फोटो निघायचे. केस विंचरायला किंवा नवा ड्रेस घालायला वेळच नसायचा. आपलं रोजचं लहानपण कागदावर आलं ते बहुतेक या उरलेल्या चार फोटोंमुळे.

पुढे मी, मागे मांजरी

माझ्या पप्पांचं मात्र उरलेल्या चारांवर भागायचं नाही. हडपसरच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी, घर मांजरी बुद्रुकला आणि हातात कोडॅकचा केबी-१०. ज्यांना हा कॅमेरा आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळा प्लॅस्टिकचा डबा, फ्लॅशसाठी दोन पेन्सिल सेल आणि प्रत्येक फोटोनंतर अंगठ्याने कर्रकर्र फिरवायचं एक चाक. त्याला झूम नाही, फोकस नाही. फार जवळ गेलं की चेहरा धूसर. नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला आपल्याकडच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांतला हा पहिला कॅमेरा.

पप्पा रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे आणि झोपायच्या आधी दोन-तीन फोटो काढायचे. मी हापशाखाली, मी उसाच्या ट्रॉलीवर, धाकटा भाऊ पोत्यावर झोपलेला. मम्मीची कुरकूर ठरलेली असायची, ‘पोरांचे रोज कसले फोटो? ती काय पळून चाललीत का?’ कॉपी आल्या की पप्पा मागे बॉलपेनने लिहायचे. एका फोटोमागे लिहिलंय, ‘उसाची ट्रॉली. पहिल्यांदा बसली. रडली नाही.’

हे फोटो परवा पहिल्यांदाच नीट बघितले आणि माझ्या लक्षात आलं, की मी माझ्याकडे बघतच नाहीये. मी बघतेय माझ्या मागे. तिथे ऊस आहे. पार टोकापर्यंत ऊस, त्याच्या कडेला बाभळी आणि लांबवर दौंडकडे जाणारी रेल्वेलाइन. आज त्याच जागेवर उभं राहिलं, तर समोर पार्किंगचे मजले, त्यावर गॅलऱ्या आणि गॅलऱ्यांत वाळत घातलेले टॉवेल दिसतात.

मांजरीची ओळखच शेतीची. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथली, १९७५ मध्ये सुरू झालेली. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून मांजरी फार्मवर आहे. त्यांनी आणलेल्या द्राक्षांच्या जातींची नावं ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी श्यामा’. म्हणजे आमच्या गावाचं नाव द्राक्षांना आहे आणि ऊस तर सगळीकडेच होता. ३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात मांजरी बुद्रुक होतं. महापालिकेत जाण्याआधीच बिल्डरांच्या पाट्या लागल्या होत्या. आता जो माणूस मांजरीत नवीन राहायला येतो, त्याला इथे ऊस होता हे सांगून पटत नाही.

गाव बदलतंय म्हणून कोणी तेव्हा शेताचे फोटो काढले नाहीत. शेत रोजचंच, त्याचा कसला फोटो? पण पोरीचा फोटो काढताना मागे शेत आपोआप आलं. हे फक्त मांजरीचं नाही. वाघोली, सूस, नऱ्हे किंवा हिंजवडीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी आपापले अल्बम याच नजरेने बघावेत. नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरच्या वाढत्या टोकांना राहणाऱ्यांनीसुद्धा. मागचा रस्ता कच्चा आहे का, विहीर दिसतेय का, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय, आज्जीच्या चुलीच्या जागी शेगडी कधी आली? आपल्या गावाचा जवळचा इतिहास आपल्याच बोबड्या चेहऱ्यांच्या मागे पडून आहे.

फोटोत कोण नाही?

दुसरी गंमत बघा. अल्बममध्ये सगळे आहेत, फक्त एक माणूस नाही. जो फोटो काढतो तो. आमच्या चार अल्बममध्ये मिळून पप्पा नऊ फोटोंत आहेत आणि त्यातल्या तिनांत फक्त त्यांची सावली आहे. ‘सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा’ हा त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांचा पहिला नियम. तो पाळला की सकाळच्या उन्हात काढणाऱ्याची लांबलचक सावली फोटोत शिरायचीच. माझ्या पायांशी येऊन थांबलेली ती सावली मी इतकी वर्षं ‘फोटो बिघडलाय’ म्हणून सोडून देत होते.

घरच्या मुलांसमोर कॅमेरा धरणाऱ्या बापांची परंपरा तशी जुनी आहे आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव आपलंच आहे. दादासाहेब फाळके. सिनेमात येण्याआधी ते फोटोग्राफर होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. हा सिनेमा मिळाला तर सुरुवातीची काही मिनिटं नक्की बघा. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर फक्त मंदाकिनीचा चेहरा येतो. ती वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग हळूहळू त्या मुलीचा कृष्ण होतो. भारतीय सिनेमाच्या पहिल्या काही वर्षांतला हा तुकडा म्हणजे बापाच्या कॅमेऱ्यासमोर तोंडं करणारी एक पोरगी आहे. आपल्या घरच्या व्हिडिओंत दुसरं काय असतं? आणि घरात फिल्म धुण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सगळं ओढणाऱ्या सरस्वतीबाई फाळके पडद्यावर कुठे दिसत नाहीत, हेही आपल्या ओळखीचंच.

आज हे बघायला मिळतं ते पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ मध्ये ते सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून जुनी रिळं मिळवली. म्हणजे आधी घरच्यांनी ती टाकून दिली नव्हती आणि मग कोणीतरी जाऊन विचारलं. या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून मंदाकिनी आपल्याला दिसते. जिथे तसं होत नाही तिथलं चित्रही पुण्याने बघितलंय. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा काही वेळात जळून गेला.

दुसरं उदाहरण पंजाबी घरातलं. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग. योगायोग असा, की त्यांचा आणि फाळक्यांचा जन्म एकाच वर्षीचा, १८७०. उमरावसिंगांना फोटोग्राफीचं वेड होतं आणि त्यांचं मॉडेल म्हणजे घर. बायको, अमृता, धाकटी इंदिरा आणि अधूनमधून ते स्वतः. हंगेरीपासून सिमल्यापर्यंत त्यांनी मुलींना मोठं होताना टिपलं. पुढे इंदिराचा मुलगा, चित्रकार विवान सुंदरम याने आजोबांच्या याच फोटोंवर कॉम्प्युटरवर काम करून नवी चित्रमालिका केली. आजोबांची हौस तिसऱ्या पिढीच्या हाती लागली, कारण फोटो आणि निगेटिव्ह जपून ठेवले होते.

आपली पिढी अधांतरी

आता आपल्याकडे येऊ. तुम्ही कॉलेजात आहात, म्हणजे तुमचा जन्म साधारण २००३ ते २००८ मधला. फोटोंच्या बाबतीत हा सगळ्यात धोक्याचा काळ आहे.

आपल्या आई-बाबांचे लहानपणीचे फोटो थोडेच आहेत, पण कागदावर आहेत. पावसात भिजले नाहीत तर अजून पन्नास वर्षं बघता येतील. आत्ता जन्मलेल्या बाळांचे हजारो आहेत, क्लाउडवर. आपण मधल्यामध्ये. आपली पहिली एक-दोन वर्षं रोलवर. मग घरात डिजिटल कॅमेरा आला, कॉपी काढणं बंद झालं आणि पुढची वर्षं सीडीवर, मेमरी कार्डावर, बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर गेली. काहींचे फोटो एखाद्या काकाने हौसेने ऑर्कुटवर टाकले होते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोटो उतरवून घ्यायला मुदत दिली होती, पण तेव्हा आपण पाचवी-सहावीत. कोण उतरवून घेणार?

आमच्या घरी २००८ मध्ये डिजिटल कॅमेरा आला आणि पप्पांची हौस एकदम मोकळी सुटली. रोलचा खर्च नाही, मग काय! सगळं सीडीवर. अशा अकरा सीडी एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून मैत्रिणीकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. अकरापैकी सात उघडल्या. चार उघडल्याच नाहीत. एका सीडीवर वरचा पापुद्रा सुटलेला दिसत होता, बाकीच्या दिसायला ठणठणीत होत्या.

माझी आज्जी २०१२ मध्ये गेली. रोलच्या फोटोंत ती आहे, पण लग्नकार्यातली. नवी नऊवारी, डोक्यावर पदर आणि कॅमेऱ्याकडे बघून ताठ. रोजची आज्जी फक्त त्या सीडींवर होती. सहाव्या सीडीत सापडली. ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडतेय, चष्मा नाकावर घसरलाय, शेजारी माझ्या भावाचा फक्त एक पाय दिसतोय आणि ती त्याच्यावर काहीतरी ओरडतेय. पप्पांनी स्क्रीनवर तो फोटो बघितला आणि म्हणाले, ‘शेंगा खिशात भरून पळाला होता.’ ही गोष्ट फोटोत कुठेच नाही. ती पप्पांकडे होती. न उघडलेल्या चार सीडींवर काय होतं, ते त्यांनाही आठवत नाही.

म्हणून घाई दोन गोष्टींची आहे. फोटो उतरवून घ्यायची आणि फोटोमागची गोष्ट विचारून घ्यायची. दुसरी पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाची.

फोटो नक्की कोणाचा?

हे सगळं सापडलं की पहिली इच्छा काय होणार? स्टोरी टाकायची. थांबा.

कायद्याने फोटोचा पहिला हक्कदार तो काढणारा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमच्या बाबांनी काढलेल्या तुमच्या फोटोचा कॉपीराइट बाबांचा. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास पैसे देणाऱ्याचा. ज्याचा चेहरा आहे तो या हिशेबात येतच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, पण घरगुती वापर त्या कायद्याच्या बाहेर आहे. आणि मुलांचे फोटो स्वतः पालकच सगळीकडे टाकत असतील, तर संमती कोणी कोणाला द्यायची? फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर कायदा केला. मुलाच्या प्रतिमेचं रक्षण ही दोन्ही पालकांची जबाबदारी आणि मुलाच्या वयानुसार, समजेनुसार त्यालाही निर्णयात घ्यायचं.

कायदा नसतानाही हे करता येतं. अमेरिकन फोटोग्राफर सॅली मान हिने स्वतःच्या तीन मुलांचे शेतावरच्या घरातले फोटो काढले. १९९२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्यावर प्रचंड वाद झाला, कारण काही फोटोंत मुलं उघडी आहेत. तो वाद अजून संपलेला नाही. पण छापायच्या आधी तिने मुलांना फोटो दाखवले होते आणि त्यांना जे नको होते ते बाजूला ठेवले होते. एवढं पुरेसं होतं का, यावर कॉलेजच्या कट्ट्यावर तासभर भांडता येईल. पण आपल्यापैकी किती जणांना निदान एवढं तरी कोणी विचारलं होतं?

वाढदिवसाच्या दिवशी फॅमिली ग्रुपवर आपला टबमधला फोटो पडतो आणि सगळे हसतात, तेव्हा कसं वाटतं ते आपल्याला माहिती आहे. आता भाच्याचे, पुतणीचे रील काढणारे आपणच आहोत. ते बाळ रडतंय, पडतंय, बोबडं बोलतंय, आपण अपलोड करतोय. पप्पांच्या अल्बमला बघणारे ठरलेले होते. पाहुणे आले, चहा झाला, अल्बम निघाला आणि परत कपाटात गेला. आपल्या रीलला तसं कपाट नाही. फोटो जरूर काढा, भरपूर काढा. पण कपाट कुठलं, ते आधी ठरवा.

या रविवारी एवढं करा

• चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओरबाडू नका. आधी आहे तसा पानाचाच फोटो काढून ठेवा. सुटत नसेल तर दातांसाठी मिळणारा बिनमेणाचा धागा फोटोखालून हळूच सरकवा.

• स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. चार बाय सहा इंचांच्या कॉपीतून साधारण साडेआठ मेगापिक्सेलची फाइल मिळते. निगेटिव्ह मुळीच फेकू नका.

• फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. तिथलं अक्षर पुन्हा मिळणार नाही.

• सीडी, जुनी मेमरी कार्डं, बंद पडलेला मोबाइल, सगळं एकदा लावून बघा. उघडलं की लगेच कॉपी करा, ‘नंतर बघू’ नको.

• फोटो एकमेकांना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर त्यांचा दर्जा उतरतो आणि तारखेची माहितीही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

• तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फक्त क्लाउडच्या भरवशावर राहू नका. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झालीय.

• आई-बाबांना शेजारी बसवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेका फोटोवर तीन प्रश्न विचारा. हे कुठलं? मागे कोण आहे? याच्या आधी काय झालं होतं?

आणि शेवटचं. ज्याने तुमचे फोटो काढले, त्याचा फोटो काढा. लग्नाला निघालेला नाही, रोजचा. पेपर वाचताना, गाडी पुसताना, शिफ्टवरून येऊन बूट काढताना. तो ‘माझा काय काढतेस, राहू दे’ म्हणणारच. काढा. कॉपी काढून आणा आणि मागे बॉलपेनने तारीख, जागा आणि एक ओळ लिहा.